तिसांपैकी अठ्ठावीस

प्रिय ताई,

आधी मागच्या पत्रातली चूक दुरुस्त करते. मी लिहिलं होतं की डॉक्टर बाबांची स्मरणशक्ती तपासत होते तेव्हा मी बाहेरच्या बाकावर बसले होते, आणि बाबांना तिसांपैकी अठ्ठावीस गुण मिळाले. गुण खरे आहेत, कागदावर तसेच आहेत. पण मी बाहेर नव्हते. मी आतच होते, डॉक्टरांच्या पाठीमागच्या खुर्चीवर, बाबांच्या बरोबर समोर. आणि याला चूक म्हणणं हीसुद्धा लबाडीच. मी तुला खोटं लिहिलं, ताई.

आपली घरची शाळा तुला आठवत असेलच. माझा दमा, त्यामुळे पाचवीपर्यंत मी घरीच शिकले. आई हॉस्पिटलातली रात्रपाळी करून दिवसा झोपायची, म्हणून आपल्या शाळेत आवाजाला बंदी. बाबा प्राणिसंग्रहालयातून जेवायला आले की पाटीवर कोडं लिहायचे. ‘डोळा मेंदूपेक्षा मोठा, पंख असून उडायचा तोटा.’ तू झटकन ‘शहामृग’ लिहायचीस आणि मी पाटीकडे बघत बसायचे. मग बाबा खुणा करायचे. कधी मान ताणायचे, कधी बोटांनी आकडे दाखवायचे, कधी असं तोंड करायचे की हसू दाबताना माझाच जीव जायचा. ‘जिराफाच्या मानेत मणके किती?’ तू शंभर लिहिलं होतंस. बाबांनी सात बोटं दाखवली आणि मग आपल्या दोघींच्या मानेवर टिचकी मारली, तुमच्याइतकेच, म्हणून. मी शिकले ते सगळं असं, खुणांवर. ती शाळा तशीच पुन्हा भरेल, असं कधी वाटलं नव्हतं.

डॉक्टरांनी विचारलं, आज तारीख काय? बाबांनी आधी खिडकीकडे पाहिलं, मग माझ्याकडे. ताई, ती नजर मला ओळखीची होती. ती माझीच होती, पाटीसमोरची. माझी बोटं पर्सवर कधी वाजायला लागली, मला कळलंच नाही. शंभरातून सात सात वजा करायला सांगितलं तेव्हा बाबा म्हणाले, “डॉक्टरसाहेब, जिराफाची मान कापताय की काय?” डॉक्टर खो खो हसले आणि तेवढ्या वेळात मी बोटांवर त्र्याण्णव दाखवून मोकळी झाले. शेवटी तीन शब्द आठवायचे होते: खुर्ची, लिंबू, घड्याळ. मी खुर्चीच्या दांडीवर हात फिरवला, मनगट चोळलं, आणि लिंबासाठी आंबट तोंड केलं. बाबांनी तिन्ही शब्द खणखणीत आवाजात सांगितले. डॉक्टर म्हणाले, “बाबा, तुमची स्मरणशक्ती माझ्यापेक्षा पक्की आहे.” जिन्यात बाबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाले, “मुंगे, आज तू माझी शिकवणी घेतलीस. लिंबू फार झकास केलंस हो.” दुसऱ्या दिवशी त्यांना डॉक्टरकडे गेल्याचंच आठवत नव्हतं.

तू उलट टपाली लिहिलंस की पत्र वाचून तू रडलीस, तुझ्या छातीवरचा दगड उतरला. तो दगड मी उचलून दुसऱ्याच कुणाच्या तरी छातीवर ठेवलाय. तो कुणाच्या, ते आता लिहिते.

तू ज्यांचं नाव हाश्शहुश्श काका ठेवलं होतंस, तेच. एक बादली उचलताना दोनदा उसासा टाकणारे. गेल्या आठवड्यापर्यंत ते बाबांचेच जोडीदार होते, अस्वलांच्या पिंजऱ्यावर. तिथली पद्धत तुला ठाऊक आहे. अस्वलाला आतल्या खोलीत घ्यायचं, मधला सरकता दरवाजा पाडून कडी घालायची. ज्याने कडी घातली त्याने मोठ्याने ‘बंद’ म्हणायचं, आणि मगच दुसऱ्याने झाडू घेऊन बाहेरच्या आवारात शिरायचं. एकतीस वर्षं कडी बाबांची आणि झाडू काकांचा.

सहा तारखेला, शनिवारी, मी शाळेची मुलं घेऊन कठड्यापाशी उभी होते. आता मी प्राणिसंग्रहालयात ‘नवलाचा तास’ घेते, म्हणजे बाबांचीच कोडी मुलांना घालते. ‘छातीत तीन काळजं, अंगात हाड नाही एक; भ्यालं की शाई सांडतं, पाण्यातलं हे कुणाचं लेक?’ एक मुलगा म्हणाला, “आमचे गणिताचे सर!” ऑक्टोपस राहिला बाजूला, सगळी खिदळली. त्या खिदळण्यातही मला बाबांचा ‘बंद’ स्पष्ट ऐकू आला. काका आत शिरले. आणि मला मधला दरवाजा दिसला, ताई. तो वरच होता. आतल्या अंधारात म्हातारी अस्वलीण पडलेली होती आणि तिचं नाक हलत होतं. मी किंचाळले, “काका, बाहेर!” तिने डोकं उचललं. काका पाठ न दाखवता एकेक पाऊल मागे येत दाराबाहेर पडले. पोरांना वाटलं, हाही खेळच. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

बाबा म्हणाले, मी ‘बंद’ म्हणालोच नाही. ते खोटं बोलत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. म्हातारी स्वतः पिल्लू असताना त्यांनी तिला बाटलीने दूध पाजलंय. तिचा कुठला दात कधी पडला, कुठल्या पायात काटा मोडला होता, अस्वल सुस्त दिसलं तरी माणसाला पळण्यात कसं गाठतं, हे सगळं ते आजही झोपेत सांगतील. ती या घडीला आत आहे की बाहेर, तेवढंच त्यांना आठवत नाही.

अधीक्षकांनी मला विचारलं, तुम्ही काय ऐकलंत? मी म्हणाले, मुलांचा फार गोंगाट होता. गोंगाट होता हे खरंच आहे. माझं एवढंच वाक्य त्यांनी लिहून घेतलं, खाली माझी सही घेतली. मग डॉक्टरांकडून ऑफिसात आलेला तो अठ्ठावीस गुणांचा कागद बाबांच्या फायलीतून काढून म्हणाले, ह्यांचं डोकं तर शाबूत आहे. सोमवारी काकांना निलंबनाचं पत्र मिळालं. इशाऱ्याची वाट न पाहता आत शिरून स्वतःचा आणि मुलांचा जीव धोक्यात घातला, असं त्यात आहे.

परवा काका घरी आले होते, बाबांचा राहिलेला थर्मास द्यायला. बाबा आत झोपले होते. काका उंबऱ्यातच उभे राहिले, म्हणाले, “मुंगे, तू मनाला लावून घेऊ नकोस. तुझा बाप एकतीस वर्षांत चुकला नाही, आता कसा चुकेल? माझेच कान वाजले असणार. वय झालं माझं.” ताई, तो माणूस स्वतःच्या कानांवर शंका घेतोय आणि मी त्याला पाणी हवंय का विचारते! काका पाणी प्यायले आणि नेहमीसारखं हाश्श करून गेले. 

बाबा सध्या काकांच्या जागी दिलेल्या नव्या माणसाबरोबर कामावर जातात. मी रोज साफसफाईच्या वेळी काहीतरी निमित्त काढून कठड्यापाशी उभी राहते आणि कडी पडलेली दिसेपर्यंत श्वास सोडत नाही. एक दिवस मला पोचायला उशीर होईल. बोलले तर बाबांची नोकरी जाईल, नोकरीबरोबर मिळालेलं घर जाईल. पण खरी भीती त्याची नाही. तो प्राणी आणि ते आवार गेल्यावर बाबा किती उरतील, याची आहे. आणि नोकरी गेल्याचं मी त्यांना एकदा सांगून भागणार नाही. ते विसरणार आणि दर सकाळी डबा घेऊन निघणार, आणि मला रोज त्यांना नव्याने सांगावं लागणार.

मी तुझा सल्ला मागायला लिहीत नाहीये. या आठवड्यात मी दोनदा अधीक्षकांच्या दारापर्यंत गेले आणि दोन्ही वेळा आपले बाबा डोळ्यांपुढे उभे राहिले म्हणून परत फिरले. तिसऱ्यांदाही फिरेन, मला माझी खात्री नाही. म्हणून आधी तुला सांगतेय. एकदा तुला कळलं की मला मागे फिरायला वाट राहणार नाही. फोन करून मला अडवू नकोस, मी लगेच अडेन. जमलं तर फक्त ये, कारण मी ऑफिसात असेन तेव्हा बाबांजवळ कुणीतरी आपलं हवं. आज शुक्रवार. पत्र तुला सोमवारी, फार तर मंगळवारी मिळेल. काकांची चौकशी येत्या गुरुवारी, अठरा तारखेला, सकाळी अकरा वाजता आहे. डॉक्टरांच्या खोलीत मी काय केलं आणि कठड्यापाशी काय ऐकलं, ते दोन्ही मी त्या दिवशी काकांच्या समोर सांगणार आहे. गुरुवारी, अठराला.

तुझीच,
मुंगी