शेजारच्या खाटेवरचं दूध

आक्कास,

धाकटीचा नमस्कार. इथे लेक, नात आणि मी बऱ्या आहोत, जिवाला घोर लावून घेऊ नकोस. तुझा गुडघा कसा आहे? शेळी व्याली का?

लेकीला धुलाईच्या कारखान्यात परत कामावर घेतलं. खोली बॉयलरच्या पाठीमागे आहे. आम्ही सहा बायका आणि एक नळ. पाणी पिवळं येतं, म्हणून डब्याचं दूध मी सुरू करू दिलं नाही. अंगावर पाजायला मुकादमीण दिवसातून दोनदाच सोडते. दीड महिन्याच्या पोरीला ते काय कळणार? लेकीचं दूध आटत चाललं.

शेजारच्या खाटेवर चादरींच्या घड्या घालणारी बाई आहे. ती रात्रपाळीला जाते, दिवसा खोलीवर असते. तिचं मूल गेल्या महिन्यात गेलं. रोज मोरीत बसून दूध पिळून टाकायची. परवा मी लेकीला न विचारता नात तिच्या मांडीवर ठेवली. म्हटलं, मोरीत घालण्यापेक्षा हिला पाज. तिने पदर सारला आणि पोरीला जवळ घेतलं. नात पोटभर प्यायली आणि झोपली.

काल लेक अचानक लवकर आली आणि तिने बघितलं. मला वाटलं, आता माझा उद्धार करणार. तिने हात धुतले, खाटेच्या कडेला टेकली आणि त्या बाईला म्हणाली, "ताई, तिला दुसऱ्या कुशीवर घ्या. या कुशीवर ती दूध ओकते."

विहीणबाईंच्या कानावर हे जाऊ देऊ नकोस. भाऊजींना नमस्कार सांग.

तुझी,
धाकटी