तुझा समुद्र आणि आमच्या कुरडया

प्रताप नगर, नागपूर
मे महिना सरता सरता

तीर्थरूप यमुताईस,
मधुकरचा वाकून नमस्कार. तुझे गुडघे, भावजींचा खोकला आणि अंगणापुढचा समुद्र आपापल्या जागी बरे असावेत. आम्ही इथे जिवंत आहोत, आणि कूलरमध्ये पाणी आहे तोवर तसेच राहू.

पत्र लिहिण्यास कारण तुझी पुस्तकं. वाचून झाली की तू ती वंदनाला पाठवतेस, ही तुझी माया. पण ताई, आता आवर. सगळ्या पुस्तकांत एकच गाव असतं. समुद्र, गार वारा, चहाचं दुकान, आणि सकाळी फिरायला निघालेल्या निवृत्त बाईंना वाळूत सापडलेलं प्रेत. खून होतो, पण कोणाचा चहा निवत नाही. पोलीस असतो, तो मुद्दाम मठ्ठ ठेवलेला. शेवटी बाई सगळ्यांना एका खोलीत बसवून खुनी दाखवतात, त्याला घेऊन जातात आणि उरलेले लोक केक खातात. (मीही दोन वाचली. शेहेचाळीस डिग्रीत दुसऱ्याच्या गावचा गार वारा फुकट मिळत असेल तर माणूस एखादं प्रेत चालवून घेतो.) वंदना तर पोळ्या होईपर्यंत स्वयंपाकघरात स्टुलावर बसून मीराबाईंना मोठ्यानं वाचून दाखवायची. मीराबाई म्हणजे आमच्याकडे पोळ्या-भांड्यांना येतात त्या. खून रंगात आला की पोळी करपायची. मी ती मुकाट्यानं खायचो.

अशात गच्चीवर वाळत घातलेल्या कुरडयांतलं एक अख्खं लुगडंभर वाळवण नाहीसं झालं. माझ्या मते विषय तिथेच संपत होता, पण वंदनाच्या हाती आयुष्यात प्रथमच गुन्हा लागला होता. पुस्तकातल्या बाई ओल्या वाळूतले ठसे बघतात, म्हणून हिनं जिन्यावर कणीक पसरली. सकाळी तिच्यावर एका मांजरीचे आणि माझे ठसे निघाले, शिवाय मुंग्या. माझी उलटतपासणी झाली. त्या बाई भरती-ओहोटीवरून खुनाची वेळ काढतात. आमच्याकडे भरती फक्त टाकीला येते, तर हिनं नळाच्या वेळेवरून हिशेब मांडला. त्यात असं निघालं की त्या सुमाराला गच्चीवर फक्त मीराबाई जाऊ शकत होत्या, कारण टाकी बघायला त्यांना हिनंच पाठवलं होतं.

मग शेवटचं प्रकरण. वंदनानं शेजारच्या चारुलताबाईंसह गल्लीतल्या सगळ्या बायका पन्ह्याला बोलावल्या, बैठकीत गोल बसवल्या आणि पुस्तकातल्या बाईंसारख्या येरझाऱ्या घालत मीराबाईंचं नाव घेतलं. मीराबाई तेव्हा पन्ह्याचे पेले फिरवत होत्या. त्यांनी ट्रे खाली ठेवला, पदराला हात पुसले आणि निघून गेल्या. मला फार लाज वाटली, ताई. तुझ्या त्या गावात संशय सगळ्यांवर येतो आणि केकबरोबर उतरून जातो. आमच्या गल्लीत तो एकीवर आला आणि दुसऱ्या दिवशी तिची आणखी दोन घरं सुटली.

तेव्हापासून भांडी मी घासतो आहे. कमरेचं म्हणशील तर ती आहे, एवढंच. तरी कृपा करून पुस्तकं पाठवू नकोस. भावजींना नमस्कार.

तुझा,
मधुकर

ता. क. : खरं काम आता लिहितो. काल आपल्या धाकट्याचा, भैयाजीचा फोन आला. कोकणात तुझ्याकडे जाताना तो आमच्या गच्चीवरून कुरडया घेऊन गेला म्हणे. पहिलं वाळवण बहिणीच्या घरी, ही आईची रीत. दरवर्षी वंदनाच डबा भरून ठेवते. यंदा पुस्तकापायी विसरली. ती झोपलेली बघून त्यानं स्वतःच गोळा केल्या आणि सांगायचं राहिलं. म्हणजे चोरीचा माल तुझ्याकडे आहे आणि आतापर्यंत तू तो निम्मा तळलाही असशील. हे तू वंदनाला फोन करून सांग. मी सांगितलं तर म्हणेल, भांड्यांना कंटाळून गोष्ट रचली. (तिच्या पुस्तकांत नवरा एकतर मेलेला असतो नाहीतर खोटं बोलत असतो.)

ता. क. दुसरा : आज सकाळी मी मीराबाईंकडे जाऊन सगळं सांगितलं, हात जोडले. त्यांनी पाणी दिलं. मग म्हणाल्या, "बाईच वाचून सांगे जी, पयले ज्याच्यावर संशय येते तो कधीच नसते म्हणून. मंग मले काहून धरलं?" कामावर यायचं त्यांनी नाव काढलं नाही. बाईनं ज्या बायकांपुढे नाव घेतलं, त्यांच्याचपुढे ते परत घ्यावं, एवढंच त्यांचं म्हणणं, आणि ते वाजवी आहे.

निघताना मात्र दारापर्यंत आल्या आणि हळूच विचारलं, पुस्तकातल्या त्या गावच्या डॉक्टरला शेवटी कोणी मारलं? ते पुस्तक मी वाचलेलं नाही. वंदनानं वाचलं आहे. फोनवर तिला तेवढं जरूर सांग, की मीराबाई अजून शेवट ऐकायच्या राहिल्या आहेत.