विसावी पाकळी

बाळा,

सगळ्यात आधी शिंपीणबाई टपकली, माझा चहा उकळायच्या आत. नर्सबाई तिच्या मागून. तुझ्या लेकीसाठी गोधडी शिवतोय आम्ही. गुटगुटीत आहे हो पोर, नाक तुझंच! तुझ्या सदऱ्यांच्या वीस पाकळ्या जोडून ताटाएवढं गोल फूल करायचं. पण ते सपाट बसेचना, वाटीसारखं वर आलं. शिंपीणबाईनं मोजलं.

"काकू, एकोणीसच आहेत की! निळा सदरा कुठाय? त्याच्यावर बसून अंडी उबवताय की काय?"

खरंच बसले होते. तू गेलास तेव्हापासून डोळ्यांत टिपूस नाही माझ्या, पण तेवढा एक सदरा अजून धुतलाही नाही. तसं सांगितलं दोघींना. उठताना कात्री माझ्यापाशी ठेवली आणि गुरुवारी येतो म्हणाल्या.

तुझी आई