बार्था काकांची शेगडी

प्रिय तिबेरियू,

'प्रिय' लिहिताना हात अडखळला. पण पत्राची सुरुवात शिवीने करू नये, असं माझी आई सांगायची. अठ्ठावीस वर्षांत मी तुला एक ओळ लिहिली नाही, तूही मला नाही. तू बुखारेस्टला गेलास आणि माणसं सुधारायला लागलास. मी इथेच रेगिनमध्ये राहिले, व्हायोलिनं घडवत. बोटं रोगणाने कायमची पिवळी झालीत, गुडघे कुरकुरतात, लग्न केलं नाही. माझ्या बातम्या संपल्या.

मार्चमध्ये तू गावात व्याख्यान द्यायला आलास, तेव्हा मी मागच्या रांगेत होते. केस काय देखणे पिकलेत रे तुझे! "दुसऱ्याकडे बोट दाखवायला काही लागत नाही," तू म्हणालास, "स्वतःकडे दाखवायला छाती लागते." लोक वह्यांत उतरवून घेत होते. मग तू ती गोष्ट सांगितलीस. तरुणपणी तू एका म्हाताऱ्या उस्तादाच्या हाताखाली होतास, त्याच्या विसराळूपणामुळे कारखाना जळाला, आणि राखेत उभा राहून तो म्हणाला, "चूक माझी." जबाबदारी म्हणजे काय ते तू त्याच्याकडून शिकलास, असं म्हणून तू रुमालाने डोळे टिपलेस. चौथ्या रांगेत त्या उस्तादाची, आपल्या बार्था काकांची लेक इल्का हुंदके देत होती. नंतर ती तुझ्यापाशी आली, तुझा हात दोन्ही हातांत धरून म्हणाली, "माझ्या बाबांबद्दल इतकं चांगलं या गावात कुणीच बोललं नव्हतं." तू तिला जवळ घेतलंस, पुस्तकावर सही करून दिलीस. तिच्या खांद्यावरून तुझी नजर माझ्यावर गेली आणि तू हसलास. चोरीतल्या भागीदाराकडे बघून हसावं, तसा.

त्या हसण्यासाठी मी तुला सोडणार नाही, हे मी तिथल्या तिथे ठरवलं.

तुझ्या गोष्टीत जे नव्हतं, ते आता मी सांगते. आपण दोघं काकांच्या हाताखाली व्हायोलिनं घडवायला शिकत होतो. ऑक्टोबरातला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी इल्काचा साखरपुडा, म्हणून काका लगबगीने निघाले. जाताना तुला म्हणाले, "तिबी, मागच्या खोलीत रोगणाचं तेल तापतंय. ते उतरव, शेगडीचं बटण बंद कर, मग कुठं उलथायचं तिकडं उलथ." तू दुपारपासूनच आलुबुखाराची दारू पीत होतास. नदीपलीकडच्या गावात नाच होता आणि पाचची बस चुकली असती तर दुसरी नव्हती. मी दारातून विचारलं, "शेगडी बंद केलीस का रे?" तू म्हणालास, "केली गं बाई, चल आता." मी खिडकीतून आत पाहिलं. शेगडीचा लाल दिवा पेटलेला होता. माझ्या पायांत नवे बूट होते आणि बस वळणावर आली होती. मी काही बोलले नाही.

आपण नाचत होतो तेव्हा काकांच्या वडिलांनी व्हायोलिनांसाठी साठवलेलं मेपलचं लाकूड जळत होतं. चाळीस वर्षं सावलीत वाळलेलं. बोटाने टिचकी मारली तर बोलणारं. चौकशीला अधिकारी आला, तेव्हा तुला कळलं की काका सहाच्या सुमाराला टोपी न्यायला पुढच्या खोलीत येऊन गेले होते. तेवढा धागा तुला पुरला. तू डोळ्यांत पाणी आणून म्हणालास, "मी बंद करूनच निघालो होतो, साहेब. काका नंतर आले, त्यांनीच परत लावली असेल." अधिकाऱ्याने माझ्याकडे पाहिलं. मी म्हणाले, "हो, त्याने बंद केली. मी पाहिलं." काका आपल्या दोघांकडे आळीपाळीने बघत राहिले. मग हळूच म्हणाले, "पोरं खोटं कशाला बोलतील? मीच लावली असेन. मला आठवत नाही, म्हणजे मीच."

हेच ते तुझं थोर वाक्य, तिबेरियू. तू त्यावर पुस्तक लिहिलंस.

पुढचं तू बघितलं नाहीस, कारण महिन्याभरात तू बॅग भरलीस. काकांची अक्कल शाबूत होती, पण तिच्यावरचा त्यांचा विश्वास आपण काढून घेतला. त्यांनी पुन्हा पटाशी हातात धरली नाही. घरभर चिठ्ठ्या चिकटवल्या: 'नळ बंद केला', 'दार लावलं', 'इल्काने जेवण दिलं'. बाजारात लोक त्यांना म्हणायचे, "काय उस्ताद, आज घर कुठंय ते आठवतंय ना?" आणि तेही हसायचे. इल्काचा होणारा नवरा तिकडे हंगेरीत, सेगेदला नोकरीला निघाला होता. विसरभोळ्या बापाला एकटं कसं टाकायचं, म्हणून तिने अंगठी परत केली. पाच वर्षांनी काका गेले. शेवटपर्यंत त्यांना वाटत होतं, आपण आपल्या बापाचं लाकूड जाळलं आणि लेकीचा संसारही.

आता माझं. मी वर्षानुवर्षं स्वतःला सांगत आले की मी प्रेमापोटी गप्प बसले. तुझं पुस्तकही आणलं. अकराव्या धड्यात लिहिलंयस, रोज सकाळी आरशासमोर उभं राहून स्वतःला माफ करा. मी चाळीस दिवस केलं. आरशाचं काय जातंय, तो कुणालाही माफ करतो. एकेचाळिसाव्या दिवशी खरं काय ते तोंडातून बाहेर पडलं. तू गेल्यावरही मी गप्पच होते ना? तेव्हा कुठलं प्रेम होतं? कारखाना पुन्हा उभा राहिला, पण काकांनी काम सोडलं होतं आणि त्यांचं कामाचं बाक मला मिळालं. त्यांची गिऱ्हाइकं माझ्याकडे आली. आज माझ्या व्हायोलिनचं जे नाव आहे, ते त्यांच्या जागेवर बसून कमावलेलं आहे. तू खोटं बोलून पळालास, मी खोटं बोलून त्यावर ठाण मांडून बसले. कोण जास्त नीच, याचा निवाडा मी स्वतःच्या बाजूने करणार नाही.

मे महिन्यात मी इल्काकडे गेले आणि उभ्याउभ्या सगळं सांगितलं. ती बटाटे सोलत होती. ऐकून झालं, तरी सोलतच राहिली. मग म्हणाली, "मी त्यांच्यावर ओरडायचे, स्मरांदा. आंघोळ केली की नाही हेही त्यांना चारदा विचारायचे. लहान मुलासारखं वागवलं मी माझ्या बापाला." थोड्या वेळाने म्हणाली, "जा आता. तुला मारावंसं वाटतंय आणि माझ्या हातात सुरी आहे." मी गेले. तीन आठवड्यांनी तीच कारखान्यात आली. बसली नाही. म्हणाली, "सूड तुला घ्यायचाय, पण बाप माझा होता. तेव्हा कसा घ्यायचा ते मी ठरवणार. तू सगळं लिही. तुझं नाव झाकलंस तर एक शब्दही पुढे जाणार नाही. आणि तुला माफी मिळेल या आशेने लिहू नकोस, मिळणार नाही." मी "लिहिते" म्हणाले. काकांच्या बाकाच्या खणाची किल्ली तिच्यापुढे ठेवली; ती तिने उचलली, आभार न मानता.

तर तिबेरियू, आज गाव तुला मानाचं नागरिकत्व देतंय, आणि हे पत्र तुला टपालाने आलेलं नाही. मंचावर फुलं देऊन ज्या बाईने हा लिफाफा तुझ्या हातात ठेवला, ती इल्का. 'लगेच वाचा, तुमच्याचसाठी आहे,' असं ती म्हणाली असेल. तू वाचतोयस, आणि सभागृह एवढं शांत का झालंय हे अजून तुझ्या लक्षात आलेलं नाही. वर बघ. दोनशे दहा खुर्च्यांवर याच पत्राच्या दोनशे दहा प्रती सकाळीच ठेवल्या आहेत आणि बहुतेकांचं वाचून तुझ्या आधी झालंय. मी पहिल्या रांगेत उभी आहे, सगळ्यांना दिसेल अशी. माझ्यावर थुंकायचं असेल त्यांना सोपं जावं म्हणून. माझा कबुलीजबाब तुझ्या हातात आहे. माइक तुझ्यासमोर आहे. बोल.

तुझीच साक्षीदार,
स्मरांदा