तिसऱ्यांदा म्हणायचं राहिलं

इर्बिद, मंगळवार

प्रिय रिहाब,

तुझा लॅपटॉप माझ्या जेवणाच्या टेबलावर पडून आहे आणि तू तो परत घेईपर्यंत मी गप्प बसणार नाही. हे पहिल्याच ओळीत सांगून टाकते, नाहीतर ख्यालीखुशाली वाचून तू पत्राची घडी घालून ठेवशील. आमच्या तब्येती ठीक आहेत, माझे गुडघे आहेत तसेच आहेत, कुतैबा शारजात सुखरूप आहे. झालं. फोनवर तुझ्याशी बोलण्यात अर्थ नाही हे मला आता कळलंय. मी लॅपटॉप म्हटलं की तू गुडघ्यांची चौकशी करतेस, गुडघ्यांचं सांगून संपलं की तुझ्या चुलीवर काहीतरी उतू जायला लागतं. म्हणून कागद घेतला. मुख्याध्यापिकेच्या खुर्चीवरून उठल्यापासून इतकं लांब काही लिहिलेलं नाही, तेव्हा अक्षर जरा समजून घे.

मुळात हे सगळं तुझ्या भावजींनी ओढवून घेतलं. आमचा जुना लॅपटॉप बिजागरी तुटल्यापासून साखरेच्या डब्याला टेकून उभा असायचा. चहा करायचा म्हणजे आधी त्याला भिंतीला टेकवायचं आणि मग डबा उचलायचा. एका शुक्रवारी कुतैबाशी बोलता बोलता पडदा काळा झाला तो झालाच, तेव्हा मी म्हटलं, आता नवा घ्या. आपल्याला लागतं तरी काय? विजेचं बिल भरायचं, डॉक्टरांची वेळ घ्यायची, सुट्टीच्या दिवशी मुलाचं तोंड बघायचं आणि संध्याकाळी मालिका. एवढ्या कामाला कुठलाही धड लॅपटॉप चालला असता. यार्मूक विद्यापीठाच्या रस्त्यावर पावलापावलाला दुकानं आहेत. पण सरळ दुकानात जातील तर ते तुझे भावजी कसले. मला म्हणाले, "दुकानदार विकायलाच बसलाय, तो कशाला खरं सांगेल? यंत्र नांदत्या घरात जाऊन बघावं." आणि सून बघायला निघाल्यासारखे ते लोकांच्या घरी लॅपटॉप बघत हिंडायला लागले.

तुला वाटतं मी वाढवून सांगते. दंतवैद्य अबू हाझिमच्या घरी गेले, तर त्याच्या मुलीचा अभ्यासाचा लॅपटॉप मांडीवर घेऊन बसले. बटणं कशी आहेत ते बघायला म्हणून आपलं नाव टाइप केलं, मग वडिलांचं, आजोबांचं, पणजोबांचं आणि शेवटी अख्ख्या कुळाचं. ही त्यांची परीक्षा. इर्बिदमधल्या निम्म्या लॅपटॉपांवर आज माझ्या नवऱ्याची वंशावळ सापडेल. मग प्रश्न. मेमरी आठ की सोळा, बॅटरी किती तास, उन्हात पडदा दिसतो का, पंखा घोंघावतो का. एक लॅपटॉप फारच पातळ निघाला म्हणून नापास, "ही भाकरी आहे की यंत्र?" दुसऱ्याला बाजूला आकड्यांची बटणं नव्हती म्हणून नापास. जो पास व्हायचा त्याची मात्र तोंड भरून स्तुती, आणि स्तुती केली की घरच्या माणसाला मुलाच्या नावाने हाक मारून म्हणणं भागच, "तुमचाच समजा, अबू कुतैबा, घेऊन जा." मग हे म्हणायचे, "मालकाच्याच हातात शोभतो." तो पुन्हा आग्रह करायचा, हे पुन्हा नाही म्हणायचे, आणि तिसऱ्यांदा नाही म्हटल्यावर सगळ्यांचा जीव भांड्यात पडून कॉफी यायची. शेवटी शेवटी शेजारच्या उम्म शुक्रीने मला तोंडावर सांगितलं, "तुझा नवरा जिन्यात दिसला की आमचा लॅपटॉप गादीखाली जातो." मी कपाळावर हात मारून घेतला. दुसरं काय करणार.

मग तो झर्काचा दिवस. कचेरीतल्या जुन्या मित्राच्या घरी दुखवट्याला गेले होते, तिथून न कळवता तुझ्याकडे डोकावले. संध्याकाळी दारात उभे राहिले ते काखेत पिशवी घेऊन आणि चेहऱ्यावर पकडलेल्या चोरासारखा भाव घेऊन. मी विचारलं, हे काय? तर म्हणाले, "मी नुसतं म्हटलं, रिहाब, बटणं काय मऊ आहेत गं याची. ती म्हणाली, घेऊन जा. मी म्हटलं, मालकिणीच्याच हातात शोभतो. ती म्हणाली, देवाशपथ, तुमचाच. मी पुन्हा म्हटलं. ती पुन्हा म्हणाली. आणि तेवढ्यात मी चष्मा पुसत होतो." म्हणजे तिसऱ्यांदा म्हणायचं राहिलं. आयुष्यभर लोकांच्या जमिनी मोजल्या या माणसाने, एका वितीची चूक केली नाही, आणि बायकोच्या बहिणीचं पोटापाण्याचं साधन एका चष्म्यापायी उचलून आणलं.

तुझ्यावर मात्र तेव्हा राग नव्हता. मला वाटलं, तू रीत म्हणून म्हणालीस आणि फसलीस, आता बिचारी तोंड उघडू शकत नाही. दुसऱ्याच दिवशी मी तो लॅपटॉप दोन टॉवेलांत गुंडाळून अबू सख्रच्या बसने झर्काला पाठवला. त्याच बसने तो परत आला, बरोबर भात भरलेल्या द्राक्षाच्या पानांच्या वळकट्यांचं पातेलं. अबू सख्र म्हणाला, "बाई, वळकट्या फक्कड आहेत, एक मी खाल्ली, पण मला या भानगडीत घालू नका." मग भावजींना पिटाळलं. म्हटलं, तुम्ही आणलात, तुम्हीच सोडून या. ते लॅपटॉप घेऊन गेले आणि लॅपटॉप घेऊनच आले, या खेपेला बरोबर माऊससुद्धा. वर मलाच ऐकवतात, "ती ऐकतच नाही. म्हणते, ताईकडे नाहीये, ताईला लागतो." मी फोन केला, तर तूही तेच. "तुमच्याकडे कुठे आहे, ताई? मी बघते माझं दुसरं." तुझ्या या चांगुलपणाने माझा जीव मेटाकुटीला आणला.

तेव्हा मी तुझी सबबच काढून टाकायची ठरवलं. काठी घेतली, टॅक्सी केली आणि यार्मूकच्या रस्त्यावर जे पहिलं बऱ्यापैकी उजेडाचं दुकान दिसलं त्यात शिरले. काउंटरवरच्या मुलीने विचारलं, खाला, कशासाठी हवाय? मी सांगितलं, बिल, डॉक्टर, मुलगा, मालिका. तिने एक करड्या रंगाचा पुढे ठेवला आणि म्हणाली, "याच्यापेक्षा महाग घेतलात तर पैसे वाया, याच्यापेक्षा स्वस्त घेतलात तर वर्षभराने परत याल." मी माझं नाव, इब्तिसाम, एवढंच टाइप केलं, नीट उमटलं, घेतला. भावजींनी ज्याच्यासाठी वसंत ऋतू घालवला ते काम चहा गार व्हायच्या आत झालं. दोन दिवस ते माझ्याशी तुटक वागले. "बॅटरीचे तास तरी विचारलेस का?" नाही विचारले. संपली की चार्जर लावते.

आणि मोठ्या विजयी थाटात मी तुला फोन केला. म्हटलं, रिहाब, आम्ही घेतला बरं का, आता तुझा मुकाट्याने परत घे. तू म्हणालीस, "मग माझा विकून टाका, ताई."

विकून टाका. मी फोन ठेवला आणि तशीच स्वयंपाकघरात उभी राहिले. ज्या बाईचं पोट लॅपटॉपवर चालतं ती असं म्हणत नाही. मी आयुष्यभर गणित शिकवलं. उत्तर चुकलं की मुलीला मी एकेक पायरी मागे नेत असे, तशी स्वतःलाच नेली. रीत म्हणून दिलेल्या वस्तूबरोबर कुणी चार्जरची वायर नीट गुंडाळून, तिला रबर लावून देत नाही. तू दिलीस. भावजींनी तो उघडला तेव्हा आत काहीच नव्हतं, धुऊन पुसून ठेवलेला. तेव्हा मला वाटलं, किती व्यवस्थित आहे आमची रिहाब. पण ते तर न कळवता आले होते. म्हणजे ते यायच्या आधीच तू तो रिकामा करून ठेवला होतास. आणि इतक्या आठवड्यांत एकदाही तुझा फोन नाही आला, की ताई, माझं अमुक काम त्यात राहिलंय, तेवढं पाठव.

मग उम्म शुक्रीचं आठवलं. तुला ठाऊक आहे, आमच्या इमारतीत मला मुख्याध्यापिका म्हणून कुणी विचारत नाही, तुर्की लोकांना आपल्या बोलीत बोलायला लावणाऱ्या रिहाबची बहीण म्हणून विचारतात. तू मालिकांचे संवाद आपल्या भाषेत आणतेस, म्हणजे पुढचं सगळं तुला आधी कळतं. म्हणून दर आठवड्याला उम्म शुक्री माझ्या मागे लागते, मी तुझ्या मागे लागते, तू कुणाला सांगायचं नाही म्हणून शपथ घालतेस आणि सांगतेस. इतकी वर्षं तुझा एक शब्द खोटा पडला नाही. पण या वर्षी? तू सांगितलंस, न्यायाधीशाची मुलगी धक्क्यावर येऊन कोळ्याच्या आईची माफी मागणार. उम्म शुक्री रुमाल घेऊन बसली आणि ती पोरगी कुठल्याशा इंजिनियरबरोबर अंकाराच्या विमानात चढली. तू सांगितलंस, आजी वाचणार. आजी पहिल्याच दृश्यात गेली. उम्म शुक्री तणतणत दारात आली, "तुझी बहीण आम्हाला येडी समजते का?" मी म्हटलं, अगं, तिकडे ऐनवेळी बदलतात. तुझ्यासाठी थाप मारली मी, आणि स्वतः त्या थापेवर विश्वासही ठेवला.

कुणी काही बदललं नव्हतं. तुझ्याकडे भागच येत नव्हते. तू आम्हाला मनानं रचून सांगत होतीस. कुतैबाला मी दुसऱ्याच कुणाचं म्हणून विचारलं, तर तो म्हणाला, "आई, ते काम आता यंत्रं करतात. आधी माणसांना नुसतं तपासायला देतात, मग तेही देत नाहीत." इतक्या सहज म्हणाला, जसं पाऊस थांबला म्हणावं. मला त्याच्या कानाखाली वाजवावीशी वाटली. त्या पोराला बिचाऱ्याला काय ठाऊक.

आता तूच सांग, मी कुणावर चिडू? हिवाळ्यात मी आले तेव्हा तुझी शेगडी बंद होती. तू म्हणालीस, कामात असलं की थंडी वाजत नाही. इस्त्री केलेला सदरा घालून, केस बांधून बसली होतीस, आणि मधेच फोन आला तेव्हा त्या माणसाला ऐटीत म्हणालीस, "आता नाही हो, कामात आहे." कोण होता तो? कुठलं काम? मी तुझ्यासमोर बसून तुझी बिस्किटं खात होते आणि मला काही दिसलं नाही. आईबाबा गेल्यावर आमच्याकडे राहायला ये म्हटलं, तर तू म्हणाली होतीस, ताई, मी माझ्या हाताने खाते, मला ते आवडतं. आवडू दे की. मी कुठे नाही म्हटलं? पण हात रिकामे झाले तर सांगायचं नाही, हे कुणी शिकवलं तुला? परक्यांशी ज्या अदबीने वागायचं तशी तू माझ्याशी वागलीस. आम्हाला पातेलंभर वळकट्या पाठवल्यास आणि स्वतः काय खाल्लंस कोण जाणे. मला तुझा राग आलाय, रिहाब, आणि रागाच्या खाली इतकं वाईट वाटतंय की काल मी विनाकारण भावजींवर ओरडले.

हे पत्र अबू सख्रबरोबर देते आहे, म्हणजे उद्या तुला मिळेल आणि शुक्रवारपर्यंत तुला विचार करायला वेळ राहील. शुक्रवारी नमाज झाली की आम्ही दोघं येतो. जेवण करू नकोस. कॉफी मात्र करशील, ती तू केल्याशिवाय राहणार नाहीस. ती मी हातात घेईन आणि खाली ठेवीन. मागणं घेऊन आलेला पाहुणा कप का खाली ठेवतो हे तुला मी सांगायला नको. माझ्या लग्नाचं विचारायला भावजींचे काका आले होते तेव्हा होकार द्यायच्या आधी बाबांनी त्यांचा कप कितीतरी वेळ तसाच राहू दिला होता, तू दाराआडून बघत होतीस. या खेपेला काका मी आहे. लॅपटॉप परत घे हे माझं मागणं नाही, तो गेला खड्ड्यात. माझ्यासमोर बसून एकदा म्हण, ताई, काम गेलं. एवढंच म्हण. रडू नकोस, समजावू नकोस, माझ्या गुडघ्यांचं विचारू नकोस. पुढचं काय ते आपण तिघं मिळून बघू, त्याचा आत्ता विचारही करू नकोस. पण तू ते म्हणेपर्यंत मी कपाला तोंड लावणार नाही आणि उठणारही नाही. कॉफी गार झाली तरी चालेल.

तुझीच, रागावलेली,
ताई