न सांगितलेली रानभाजी

प्रिय बेनिल्दा,

काल दवाखान्यात गेलो, तर औषधं देणाऱ्या तफोयाबाईंच्या दाराला कागद चिकटवलेला: रक्त पातळ करायच्या गोळ्यांची तपासणी बंद. तुझ्या तक्रारीमुळे, चौकशी होईपर्यंत, गोळीचं प्रमाण ठरवायचा त्यांचा अधिकार काढून घेतलाय. आता सगळ्या म्हाताऱ्यांनी साठ मैलांवर डॉक्टरांकडे जायचं. बाकावरचा अ‍ॅम्ब्रोसियो मला म्हणाला, "बहिणीला सांग, गाडीही तूच चालव."

बाबा बरे आहेत. नाकातलं रक्त थांबलं. इस्पितळातून आल्या आल्या माझ्या बुटांना नावं ठेवली. हे बूट मला कोलोरॅडोत मेंढ्या कातरताना एकानं दिले, तो माणूस म्हणजे एक वेगळीच गंमत, पण ते राहू दे.

तू फोनवर म्हणालीस, औषधं देणाऱ्या बाईनं डॉक्टरांना न विचारता गोळी वाढवलीच कशी? मीही हो ला हो केलं. पण तो अधिकार डॉक्टरांनीच सही करून दिला होता. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात. तफोयाबाई दर आठवड्याला बोटातून थेंब काढायच्या आणि विचारायच्या, काय काय खाल्लंत? पालेभाजीनं या गोळीचा जोर कमी होतो, हेही त्यांनी आम्हाला बजावलं होतं.

एप्रिलात पाटाच्या कडेला केलीते ही रानभाजी उगवली. मी रोज टोपलीभर खुडून बीन्स नि लाल मिरचीत परतायचो. बाबा दोन-दोन ताटल्या संपवायचे. दवाखान्याच्या दारात त्यांनी माझा दंड धरला. "आपण गवत खातो हे तिला सांगू नकोस. तिचा बाप मास्तर होता, ती हसेल." आत तफोयाबाईंनी विचारलं, तर मी म्हणालो, नेहमीचंच. "एलॉय, नक्की?" नक्की, म्हणालो. तीन आठवडे रक्त दाट निघालं, तीनदा त्यांनी गोळी वाढवली. मग मी मेंढ्यांच्या मागे निघून गेलो. बाबांना वाकवत नाही, त्यामुळे भाजी बंद. वाढवलेली गोळी मात्र चालूच. तपासणीला न्यायला कुणी नाही. तफोयाबाईंनी दोनदा फोन केला, बाबा म्हणाले, ठणठणीत आहे. मग रक्त फारच पातळ होऊन नाकातून वाहू लागलं.

तू फोनवर रडत होतीस तेव्हाच हे सांगायला हवं होतं. दोष दुसऱ्याच्या दारात जात होता, म्हणून गप्प बसलो. पुढच्या गुरुवारी चौकशी आहे. तू तक्रार मागे घे किंवा घेऊ नकोस, मी जाऊन हे सगळं सांगणार आहे. बाबा म्हणतात, गवताचं नाव काढलंस तर या घरात पाऊल टाकायचं नाही. ते शब्दाचे पक्के आहेत, तुला माहीत आहे. म्हणून लिहितोय. शुक्रवारी त्यांना साठ मैलांवर तपासणीला न्यायला तू ये.

तुझाच,
एलॉय