बाबांचं बटण नव्याला लागत नाही

दादा,

औषधं घेऊन आलास की आधी बाबांजवळ बस. मी भंगारवाल्याच्या गोदामाकडे धावते आहे. सकाळी मी आंघोळीला गेले तेवढ्यात तू त्याला देऊन टाकलास, तो जुना कॉम्प्युटर म्हणजे बाबांचं बोलणं होतं रे. गालाने दाबून पडद्यावर अक्षरं निवडायच्या त्यांच्या बटणाची वायर तू आणलेल्या नव्या कॉम्प्युटरला लागतच नाही. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, "ताई, असली पिन बंद होऊन जमाना झाला. जोड मिळेल, पण तुमचा जुना प्रोग्राम यावर चालायचा नाही." ज्या ओळखीच्या काकांनी तो प्रोग्राम बाबांसाठी बनवून दिला, ते आता हयात नाहीत.

अकरा वर्षं लोकांच्या मोडक्या मशिनींचे सुटे भाग घालून मी तो कॉम्प्युटर चालता ठेवला. तुला आधीच सांगायला हवं होतं, चुकलंच माझं. पण फोनवर तू कधी दोन मिनिटांच्या वर थांबलास?

भंगारवाला फोन उचलत नाही. दुपारी माल फोडायला घेतात म्हणे. इकडे बाबा गाल हलवताहेत आणि पडदा कोराच. मला बघवत नाही.

पाणी चमच्यानेच पाज, मान उचलून धर. प्रश्न हो-नाहीचेच विचार. डोळे एकदा मिटले तर हो, दोनदा मिटले तर नाही.

तू चांगल्यासाठीच केलंस, हे मला कळतं. बाबांना कळलंय का, ते विचारायचा मला धीर झाला नाही. तूच विचार.

— धाकटी